खिडकी स्वस्त, भिंत महाग

घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं घर चोपड्यात, जुन्या गावभागात. सासऱ्यांनी १९९२ साली बांधलेलं, ९ इंची वीटकाम आणि वर स्लॅब. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर अशा एकामागे एक खोल्या. मधली खोली १० बाय १२ फुटांची, तिला एकही खिडकी नाही. सासूबाई तिथेच झोपतात. दिवसाढवळ्या ट्यूब लावावी लागते, आणि उन्हाळ्यात कूलर लावला तरी जीव घुसमटतो. उत्तरेच्या भिंतीबाहेर आमचाच ३ फुटांचा बोळ आहे, त्यापलीकडे शेजाऱ्यांची मोकळी जागा. तिथे ४ फूट रुंद, ३ फूट उंच खिडकी काढायची तर एका मिस्तरींनी ११ हजार सांगितले, दुसऱ्यांनी २३ हजार, एका ठेकेदाराने ४० हजार. खरा खर्च किती धरायचा?
— एक वाचिका, चोपडा

उत्तर : ताई, तिघांपैकी कोणी गंडवतंय असं लगेच धरू नका. तिघांनी तुम्हाला तीन निराळी कामं सांगितलीत, नाव मात्र तिन्हींना खिडकीच दिलंय. ११ हजारवाल्याने भिंतीला भोक पाडून त्यात अॅल्युमिनियमची सरकती खिडकी अडकवायचं धरलं असणार. २३ हजारांत बहुधा लिंटल (भोकावरचं वजन पेलणारी आडवी काँक्रीटची तुळई), ग्रिल, छज्जा आला. ४० हजारांत यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची खिडकी, चारी बाजूंनी ग्रॅनाइट आणि अख्ख्या खोलीचा रंग. म्हणून पैशांचं बोलण्याआधी प्रत्येकाला विचारा, वरचं वजन कशावर घेणार? जो 'दोन सळया टाकून देऊ, काई व्हत नही' म्हणेल त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

कारण सांगतो. विटा सांधेमोड करून, म्हणजे सांध्यावर सांधा येणार नाही अशा रचलेल्या असतात. त्यामुळे भोक पाडलं की त्याच्यावरचा साधारण एक त्रिकोण तेवढा सुटतो, बाकीचं वजन दोन्ही अंगांना सरकतं. म्हणूनच बिनलिंटलची खिडकीही काही वर्षं उभी राहते आणि 'काई व्हत नही' खरं वाटायला लागतं. पण ४ फुटी भोकावरचा हा त्रिकोण साडेतीन फुटांच्या आसपास उंच होतो. तुमच्या खोलीची उंची १० फूट धरली आणि खिडकीचा माथा दाराच्या माथ्याइतका, म्हणजे ७ फुटांवर घेतला, तर वर भिंत उरते ३ फूट. त्रिकोण पुरा व्हायच्या आत स्लॅब आडवा येतो. विटांसोबत स्लॅबचाही भार त्या भोकावर आला. मग एखाद्या पावसाळ्यात खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते आणि ती बुजवायला तोच मिस्तरी पुन्हा मजुरी घेतो.

इथेच एक सुचवतो. खिडकी आडवी नको, उभी करा. रुंदी ३, उंची ४. क्षेत्रफळ तेच १२ चौरस फूट. राष्ट्रीय बांधकाम संहिता आपल्यासारख्या कोरड्या, उष्ण भागात खोलीच्या जमिनीच्या एक दशांश खिडकी मागते. तुमच्या १२० चौरस फुटांना १२ म्हणजे बरोबर बसतं. उभी केल्याने लिंटल एक फुटाने आखूड होतो, त्यावरचा भार बराच घटतो. दुसरं असं की माथा ७ फुटांवर धरला तर ३ फूट उंचीच्या खिडकीचा तळ ४ फुटांवर जातो. सासूबाई खाटेवर असतील तर वारा त्यांच्या डोक्यावरून निघून जाईल. ४ फूट उंचीला तळ ३ फुटांवर येतो, पाठ टेकून बसलं तरी बाहेरचं दिसतं.

आता लिंटल. नव्या घरात तो जागेवरच सेंट्रिंग लावून ओततात. उभ्या भिंतीत तसं करायचं म्हणजे आधी मोठं भगदाड पाडायचं आणि काँक्रीट घट्ट होईपर्यंत वरची भिंत देवाच्या हवाली सोडायची. मला ते पटत नाही. मी लिंटल अंगणात जमिनीवर ओतून घेतो, आणि तोही दोन तुकड्यांत. ३ फूट भोक अधिक दोन्हीकडे ९-९ इंच टेक, म्हणजे साडेचार फूट लांबी. जाडी ६ इंच. रुंदी भिंतीइतकी ९ इंच घेतली तर तो सव्वाशे किलोंच्या जवळ जातो, आणि ३ फुटांच्या बोळात तो खांद्यावर कोण घेणार? साडेचार-साडेचार इंच रुंदीचे दोन ओतले की एकेक ६० किलोंचा, दोन गडी सहज चढवतात. प्रत्येकात खाली १० मिलिमीटरच्या दोन सळया, वर ८ च्या दोन, दर ६ इंचांवर रिंग. माल १ : दीड : ३, म्हणजे सिमेंट, रेती, खडी. ओला असतानाच वरच्या अंगावर खिळ्याने 'वर' असं कोरून ठेवा. वाळल्यावर दोन्ही अंगं सारखीच दिसतात, आणि उलटा बसवला की जाड सळया नको त्या बाजूला जातात. भिंतीत गेल्यावर ते कोणालाच कळत नाही.

पाणी मारायला कंटाळू नका. बाजारात बहुतेक पीपीसी, म्हणजे राखमिश्रित सिमेंट मिळतं, आणि आपल्या कोरड्या उन्हात त्याला १४ दिवस ओलावा हवा. गोणपाट गुंडाळा, सकाळ-दुपार-संध्याकाळ भिजवा. दुपारची पाळी चुकवतात ती आपल्याकडची खास खोड.

बसवायची रीत अशी. आधी खोलीत भिंतीपासून दोनेक फुटांवर स्लॅबखाली आडवी फळी लावून टेके द्यायचे. मग आतल्या बाजूने, लिंटलच्या मापाची खाच निम्म्या भिंतीइतकीच खोल करायची. कडा ग्रायंडरने, बाकी छिन्नी-हातोडीने. ब्रेकर लावू देऊ नका, जुन्या मसाल्याला हादरे सोसत नाहीत. पहिला तुकडा सरकवायचा, खालून लोखंडी पाचरी मारून वर दाबायचा आणि वरच्या फटीत १ : ३ चा कोरडसर मसाला सळईने ठोकून ठोकून भरायचा. पातळ माल ओतला तर तो सुकताना आकसतो आणि लिंटल नुसता शोभेला राहतो. दोन-तीन दिवसांनी बाहेरून, बोळातून तीच खाच आणि दुसरा तुकडा. आठवडा गेला की मग खालच्या विटा काढायच्या. खिडकीचं भोक सगळ्यात शेवटी. ज्या मिस्तरीचा क्रम याच्या उलटा असेल त्याला घाई आहे असं समजा.

हिशेब जळगाव-चोपडा भागातल्या हल्लीच्या दरांवर करतो, तुमच्याकडे थोडं इकडे-तिकडे होईल. मिस्तरीची रोजी ९०० आणि गड्याची ६०० धरली, एक मिस्तरी, दोन गडी, एकूण तीन दिवसांचं काम, तर ६,३०० रुपये. हे काम उक्तं देऊ नका, रोजंदारीवरच द्या. उक्त्यात माणूस वेळ वाचवतो आणि इथे वेळच तर द्यायचाय. सळई, तीन गोण्या सिमेंट, रेती, खडी मिळून २,७००. टेक्यांचं भाडं ५००. जाळीसकट तीन ट्रॅकची अॅल्युमिनियम खिडकी ४५० रुपये चौरस फुटाने ५,४००. ग्रिल १७-१८ किलोंचं होतं, ११० रुपये किलोने १,९००. चौकटीभोवती ग्रॅनाइटची पट्टी, १४ धावते फूट, २,१००. छज्जा २,५००. पडलेला मलबा सहाशे किलोंच्या आसपास भरतो, तो बोळातून काढून छोट्या रिक्षाने टाकायला ७००. त्या एका भिंतीचा रंग १,५००. झाले २३,६००. यात खुद्द खिडकी किती? पाच हजार चारशे. पाव हिस्साही नाही.

पैसे कमी करायचे तर ग्रॅनाइट सोडा, बाहेर उतार ठेवून सिमेंटची कड काढा. रंग घरच्यांनी मारा. निघालेल्या अख्ख्या विटा साफ करून ठेवा, कुठेतरी लागतात. लिंटल, ग्रिल आणि छज्जा यांत मात्र कात्री नको. छज्जा आता स्लॅबमधून काढता येणार नाही, तेव्हा लोखंडी ब्रॅकेटवर कडप्प्याची फरशी घ्या, दीड फूट बाहेर. तुमचा बोळ ३ फुटांचा आहे, पाणी तुमच्याच हद्दीत पडेल.

सरकत्या खिडकीचं एक सांगायचं राहिलं. ती कितीही उघडली तरी निम्मीच उघडते. १२ फुटांचे पैसे देऊन हवा ६ फुटांची. उजेडापुरती हवी असेल तर चालेल. तुमची तक्रार घुसमटीची आहे, म्हणून मी दोन पल्ल्यांची, बाहेर उघडणारी सुचवेन. दीड-दीड फुटाचे पल्ले बोळात मावतात, दर थोडा चढा पडतो.

उत्तरेची भिंत मिळाली हे तुमचं नशीब. पश्चिमेची असती तर मी दोनदा विचार करायला लावला असता. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारचं ऊन त्या बाजूने थेट गादीवर येतं. उत्तरेला वर्षभर सावलीचा, मऊ उजेड मिळतो. फक्त आपण २१ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली आहोत, म्हणून मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकतो. दीड फुटाचा छज्जा तेवढा अडवतो.

आणि कूलर. खानदेशात कूलर नाही असं घर शोधावं लागेल, पण तो कसा काम करतो हे फार थोडे लक्षात घेतात. कूलर बाहेरची कोरडी हवा पाण्यातून ओढून आत ढकलतो, आणि आतली हवा बाहेर जायला वाट लागते. बंद खोलीत तो आपलीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतो. तासाभरात चादर दमट होते, अंग चिकट होतं. तुमची घुसमट तीच. खिडकी झाली की कूलर बोळात, तोंड खिडकीत, आणि पुढच्या खोलीचं दार थोडं उघडं. ग्रिल करतानाच कूलरच्या तोंडाएवढा उघडणारा भाग सांगून ठेवा, कुलपाच्या कडीसकट. नंतर कापायला लावलं तर वेल्डर वेगळे पैसे घेतो. ६० लिटरच्या कूलरमध्ये नुसतं पाणीच ६० किलो असतं, त्याचं स्टँड जमिनीवर टेकलं पाहिजे, खिडकीच्या कडेवर नाही.

शेजाऱ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण अशा कामात पैशांपेक्षा तिथेच जास्त अडतं. बोळ तुमचा आहे, भिंत तुमची आहे, म्हणून सामायिक भिंतीची भानगड नाही. पण भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ सालचा, त्याच्या कलम १५ प्रमाणे खिडकीतून येणाऱ्या उजेडावर आणि हवेवर हक्क बसायला २० वर्षं अखंड, बिनतक्रार उपभोग लागतो. तोवर शेजाऱ्यांनी आपल्या जागेत भिंत उभारली आणि तुमची खिडकी झाकली तर तुम्हाला फारसं बोलता येणार नाही. बोळाचे ३ फूट तेवढे तुमचे. काही जण नेमके याच भीतीने शेजाऱ्याची खिडकी दिसली की घाईने भिंत घालतात. म्हणून आधी जाऊन बोला, जमलं तर त्यांची संमती साध्या कागदावर घ्या. दुसऱ्याच्या जागेकडे तोंड असलेल्या खिडकीची परवानगी लागेल का हे नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात लेखी विचारून ठेवा.

शेवटचं. भिंतीला आधीच तिरपी भेग असेल तर काम थांबवा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया वर-खाली होतो. भेगेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने आडवी चिकटवा, शेजारी तारीख लिहा. एक पावसाळा जाऊ द्या. काच तडकली तर भिंत अजून हलतेय, खिडकीचा विचार इंजिनियरला दाखवल्याशिवाय नको. नाही तडकली तर दिवाळी झाली की कामाला लागा. त्या दिवसांत पाणी मारायला सोपं जातं, आणि चैत्र लागायच्या आत सासूबाईंना वारा मिळेल.

प्रश्न : यावल तालुक्यात आमचं आजोबांचं धाब्याचं घर आहे. मातीच्या दोन फुटी भिंती. माजघरात दिवसाही दिवा लागतो. घर पाडायचं नाही. गावातले मिस्तरी म्हणतात, मातीच्या भिंतीला खिडकी काढली की घर बसतं. खरं आहे का?
— एक वाचक, ता. यावल

उत्तर : भाऊ, घर बसतं ते खिडकीने नाही, खांब कापल्याने. धाब्याच्या घरात बहुधा धाबं, म्हणजे वरचं मातीचं सपाट छप्पर, भिंतीवर नसतंच. ते खांब, तुळया आणि त्यांवरच्या कड्यांवर (बारीक आडव्या लाकडांवर) असतं, आणि बाहेरच्या ओळीतले खांब भिंतीच्या मातीत गाडलेले असल्याने दिसत नाहीत. आतून वर बघा. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं, तिथे खाली खांब आहे असं धरून चाला. बारीक गिरमिटाने दोन-तीन ठिकाणी भोक पाडलं की भुशाचा रंग सांगतो माती आहे की सागवान. दोन खांबांच्या मधला जो खण, खिडकी त्यातच. काही घरांत मात्र तुळया थेट मातीवर टेकवलेल्या असतात. तसं निघालं तर माझ्यासारख्या कोणाला तरी जागेवर बोलवा, पत्रातून ते सांगता येणार नाही.

आधी धाबं बघा. दर पावसाळ्याआधी वर खारी माती टाकत गेलं की थर वाढत जातो, उतरवत मात्र कोणी नाही. फूटभर थर झाला असेल तर चौरस फुटाला ४०-४५ किलो. १० बाय १२ च्या खोलीवर पाच टनांच्या घरात माती. ती आधी खरवडून हलकी करा. घरासाठी ते खिडकीपेक्षा जास्त मोलाचं काम आहे.

माप लहान ठेवा, अडीच बाय तीन. दोन फुटी मातीची भिंत दुपारचं ऊन संध्याकाळपर्यंत आत येऊ देत नाही, मोठं भोक पाडून तो गुण घालवू नका. त्याऐवजी भोक आतल्या बाजूला पसरतं करा, बाहेर अडीच फूट तर आत साडेतीन, आणि त्या तिरप्या बाजूंना पांढरी माती किंवा चुना लावा. उजेड दीडपट झाल्यासारखा वाटतो. जमलं तर समोरच्या भिंतीत धाब्याला लागून दोन वीतभर झरोके काढा, तापलेली हवा तिथून निघून जाईल.

वर लिंटल सिमेंटचा नको. सागवानी फळ्या किंवा लोखंडी चॅनल, आणि टेक दोन्हीकडे निदान फूट-सव्वा फूट. माती दाबाखाली विटेपेक्षा लवकर चुरते, म्हणून टोकांखाली जाड फळी आडवी द्या म्हणजे वजन पसरेल. काम पहारीने आणि करवतीने, वरून खाली. कडा बुजवायला मातीत गव्हाचा भुसा आणि शेण कालवून आठवडाभर कुजवलेला गारा वापरा. सिमेंटचा गिलावा मातीला धरत नाही. मागे ओल कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रा सुटून पडतो. गावोगाव हे दिसतं, तरी मिस्तरी सिमेंटच काढतात, कारण गारा तुडवायला आता कोणी तयार नाही.

नवी सागवानी चौकट परवडत नाही. जुनी घरं उतरवली जातात तिथलं लाकूड विकणारे तालुक्याला असतातच. गजांची जुनी चौकट पल्ल्यांसकट पाच-सहा हजारांत मिळून जाते, फक्त तिला वाळवी लागलेली नाही ना, हे टोकाला सुरी खुपसून बघा. मजुरी मातीकामाची असल्याने चार दिवस धरा. वर चॅनल आणि गारा यांचा खर्च. ग्रिल मात्र नको, कारण गज आहेतच. एकूण १५ ते १७ हजारांत बसेल.

प्रश्न : भुसावळला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बिल्डरने दिलेली ७ बाय ८ ची अडगळीची खोली मुलाला अभ्यासाला दिली आहे. बाहेरच्या भिंतीत २ बाय ३ ची खिडकी काढली तर इमारतीला धोका आहे का? खर्च?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : तुमची इमारत कॉलम-बीमची असेल तर दोन कॉलममधली भिंत नुसती भरलेली असते, वजन बीमवर असतं. खिडकीचा माथा थेट बीमच्या तळाला भिडवला तर लिंटलही लागत नाही. मात्र कॉलम कुठून जातो हे आधी शोधा. त्याच्या काँक्रीटला छिन्नीचा एक टोलाही लागता कामा नये, आणि सळई दिसली की काम तिथेच बंद.

खर्च भिंतीचा कमी, उंचीचा जास्त. आत ९-१० हजारांत काम होईल, पण बाहेरच्या कडा, छज्जा आणि रंग यासाठी तिसऱ्या मजल्यापर्यंत पहाड (बांबूंची परांची) बांधायचा की दोरावर माणूस सोडायचा, यावर पाच हजारांपासून पुढे कितीही. सोसायटी इमारतीचा बाहेरचा रंग काढणार असेल तर तोवर थांबा, पहाड आयता मिळेल. सोसायटीचा ठराव लेखी घ्या. आणि विटा बाहेर नाही, आतच पाडायच्या; खाली लोक गाड्या लावतात.

प्रश्न : धुळ्याला शिकायला आहे. भाड्याची खोली ८ बाय १०, एक दार, खिडकी नाही. घरमालक भिंत फोडू देणार नाहीत. तीन हजारांत काही करता येईल का?
— एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : करता येईल, फक्त नुसता एक्झॉस्ट फॅन आणून लावू नकोस. दार बंद करून फॅन लावला तर हवा यायला वाट नसते आणि तो आवाज तेवढा करतो. हवेला दोन तोंडं लागतात, एक खाली, एक वर. दाराच्या खालच्या फळीत फूटभर लांब, ४ इंच उंच जाळी बसव. सुतार ५००-६०० घेईल. दारावर झडप किंवा काचेचं तावदान असेल तर ते काढून तिथे ८ इंची फॅन, तोंड बाहेर. फॅन आणि वायरिंग मिळून दोन हजारांच्या आत होतं. भिंत फुटत नाही, घरमालकांचंही काही जात नाही. उरलेल्या पैशांत छताला पांढरा डिस्टेंपर दे आणि टेबल दाराकडे तोंड करून लाव.

अशा खोलीत गॅसचा गीझर चालवायचा नाही, आणि डिसेंबरात थंडी पडली म्हणून पेटती शेगडी आत घेऊन झोपायचं नाही. कोळशाच्या धुराचा वास विरला तरी कार्बन मोनॉक्साइड राहतो, त्याला वास नसतो आणि झोपेत कळत नाही. यात जरा बघू, चालतं असं काही नाही.

जाळी आणि फॅन लावायला घरमालकांनी हो म्हटलं तर ते कागदावर घे, म्हणजे खोली सोडताना डिपॉझिटमधून दाराचे पैसे कापले जाणार नाहीत. फॅन काढून न्यायचा की ठेवून जायचा, तेही त्यातच लिहून टाक.